ईस्टनॉरचा चिखल आणि हवेवर उभी गाडी

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून हेरफर्डकडे निघालेली आगगाडी ऑक्सफर्ड व वूस्टर मागे टाकून मालव्हर्नच्या डोंगररांगेपाशी येते. रांगेच्या पोटातील बोगद्यातून ती पलीकडे जाते, थोड्याच अंतरावर आणखी एका बोगद्यात शिरते आणि तो संपतो न संपतो तोच लेडबरीचे स्थानक येते. स्थानक लहान, गावही लहान. फलाटाच्या पुढे, हेरफर्डच्या दिशेला, विटांचा एक प्रचंड रेल्वेपूल दरी ओलांडून जातो. त्याला ३१ कमानी असून त्यात सुमारे ५० लाख विटा आहेत. या विटांची माती पुलाच्या जागेवरच खणली आणि विटाही तेथेच भाजल्या. १८६१ साली या मार्गावरून गाड्या धावू लागल्या. मालवाहतुकीचा खर्च वाचवण्याची ही युक्ती पाहून व्यापारी मनुष्य क्षणभर थबकतोच.

गावाच्या मधोमध जुने बाजारघर आहे. काळ्या लाकडाची चौकट, मध्ये पांढरा गिलावा आणि संपूर्ण इमारत सोळा लाकडी खांबांवर अधांतरी उभी. सतराव्या शतकातील ही वास्तू. खाली उघड्यावर बाजार भरे आणि वरच्या मजल्यावर धान्य व लोकर साठवली जाई. खाली दुकान आणि वर कोठार ही रचना सांगली, बार्शी किंवा लातूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

सांगलीचे एक व्यापारी दांपत्य गेल्या ऑक्टोबरात या गावी आले होते. गृहस्थांची सांगलीत चाळीस वर्षे मालमोटारींच्या सुट्या भागांची पेढी होती. घरात आणि बाजारात सगळे त्यांना अण्णा म्हणत. मुलगा मालव्हर्नमधील एका तंत्रसंस्थेत नोकरीला, आणि त्याचे भाड्याचे घर लेडबरीच्या बाहेर, शेतांच्या मध्ये. डांबरी रस्ता संपल्यावर शेवटचा अर्धा मैल कच्ची वाट. त्या वाटेवर एक लहानसा ओढा आडवा येतो. उन्हाळ्यात त्यातून लहान मोटार सहज जाते, पण ऑक्टोबरपासून पुढे सहा महिने तेथे चिखल आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. मुलाची लहान मोटार मागील हिवाळ्यात दोनदा पोटावर बसली होती. उंच गाडी घेणे भाग होते.

अडचण वेगळीच होती. अण्णांच्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया त्याच वर्षी झाली होती. त्या सहा महिने मुलाकडे राहणार होत्या. आठवड्यातून एकदा व्यायामोपचारासाठी हेरफर्डला जायचे, म्हणजे आठवड्यातून दोनदा गाडीत चढायचे आणि दोनदा उतरायचे. ओढ्यातून जाईल एवढी उंच गाडी घ्यावी तर आईचा पाय तिच्या पायरीपर्यंत पोहोचत नाही. आईला सोसेल एवढी बुटकी घ्यावी तर ती चिखलात रुतते. मुलाने एक जुनी, हवेच्या स्प्रिंगांची गाडी पाहून ठेवली होती. अण्णांनी नाव ऐकताच नकार दिला. “रबरात हवा भरून तिच्यावर अडीच टन उभे करायचे, आणि ते वीस वर्षांनी आपण विकत घ्यायचे? लोखंडाचा पाटा तुटला तर निदान तुटलेला दिसतो.”

वाद वाढू नये म्हणून मुलाने एक तोड काढली. लेडबरीपासून दोन-तीन मैलांवर ईस्टनॉर आहे. तेथे जाऊन ही गोष्ट डोळ्यांनी पाहावी, मग ठरवावे.

ईस्टनॉरचा किल्ला पाहिल्यावर प्रथम वाटते, की हा बाराव्या शतकातला असावा. कोपऱ्यांवर बुरूज, दंतुर तट, समोर तळे, मागे हरणांचे कुरण. प्रत्यक्षात तो एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा वास्तुकार रॉबर्ट स्मर्क याने तो उमराव सोमर्स यांच्यासाठी बांधला. दगड डीनच्या अरण्यातून आणला, काही वाट कालव्यातून आणि पुढे खेचरांच्या पाठीवरून. नेपोलियनशी युद्ध चालू असल्याने इमारती लाकूड महाग झाले होते, म्हणून छपराच्या आधाराला ओतीव लोखंड वापरले. बाहेरून मध्ययुग आणि आतून कारखान्याचे लोखंड, असा हा वाडा. बांधकामाचा खर्च ८५ हजार पौंडांहून अधिक झाला. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती.

असा वाडा बांधण्यापेक्षा सांभाळणे कठीण. छपराचे पत्रे, खिडक्या, भिंतींतील ओल यांची देयके दर वर्षी येतात आणि जमीनदारीचे उत्पन्न मात्र पिढीगणिक आटत जाते. इंग्लंडमधील असे कित्येक वाडे विसाव्या शतकात पाडले गेले. ईस्टनॉर टिकले. तिकीट लावून लोकांना वाडा दाखवणे, विवाहसमारंभ, उन्हाळी उत्सव असे अनेक मार्ग त्यासाठी धुंडाळले गेले. पण त्यांतील सर्वांत विलक्षण उत्पन्न चिखलाचे आहे. वाड्यामागील टेकड्यांत, झाडीत, उतारांवर मैलोगणती कच्च्या वाटा आहेत. १९६०च्या दशकाच्या आरंभापासून लॅंडरोव्हर कंपनी आपल्या गाड्या येथे आणून तपासते आहे. शेतीला निरुपयोगी ठरलेला उतार, पाणी साचणारी खळगी, मुळांनी उखडलेली वाट या सगळ्यांना येथे किंमत आली. अण्णांनी वाड्याच्या दिवाणखान्यातील चिलखते व चित्रे पाहिली, पण त्यांचे मन गुंतले ते या व्यवहारात. पडीक जमिनीचे भाडे घेण्याची ही कल्पना त्यांनी मुलाकडून दोनदा समजून घेतली.

ज्या गाडीने हा चिखल नावारूपाला आणला, तिचा जन्म साधा होता. युद्धानंतर पोलादाची टंचाई असताना रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांनी शेतकऱ्याच्या उपयोगाची एक गाडी कल्पिली आणि १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. तिला कमानपाटे होते, मालमोटारीला असतात तसेच. १९७० साली रेंज रोव्हर आली. स्पेन किंग या अभियंत्याच्या तिच्या आराखड्यात पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंगा होत्या. चाक खालीवर जायला त्यांत मोकळीक अधिक, त्यामुळे नांगरलेल्या शेतातही ती आरामात चाले. आणि १९९२ साली त्याच गाडीच्या लांब आवृत्तीत स्प्रिंगांच्या जागी रबरी फुगे आले. खडकाळ वाटेच्या गाडीला विजेवर नियंत्रित हवेचे सस्पेन्शन देण्याचा तो आरंभ. १९९४ च्या नव्या रेंज रोव्हरात ते सगळ्याच गाड्यांना दिले गेले. पुढे इतर देशांतील कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

हवेची कल्पना मात्र नवी नव्हती. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या बसगाड्या १९५०च्या दशकातच फुग्यांवर धावू लागल्या होत्या. आपल्याकडे या शतकाच्या आरंभी व्होल्वोच्या बसगाड्या मुंबई-पुणे महामार्गावर आल्या, तेव्हा प्रवाशांना पहिल्यांदा जाणवले की खड्डा आला आणि गेला, तरी हातातला चहा सांडला नाही. फुगे तेथेही होते. फक्त ते कोणाला दिसले नाहीत.

वाड्याच्या मागील अंगाला गाड्यांचे आवार आहे. मार्गदर्शक हा पन्नाशीचा, मितभाषी माणूस होता. पाहुणे महाराष्ट्रातले असे कळताच त्याने ‘पुणे’ हा शब्द चांगला स्पष्ट उच्चारला. त्याचे कारणही उघड आहे. २००८ साली टाटांनी जग्वार आणि लॅंडरोव्हर या दोन्ही नाममुद्रा फोर्डकडून २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या, २०११ पासून पुण्यात लॅंडरोव्हरची जुळणी सुरू झाली आणि २०२४ मध्ये प्रत्यक्ष रेंज रोव्हरची जुळणीही तेथे करण्याचे जाहीर झाले. ईस्टनॉरच्या चिखलाशी चिंचवड-चाकणच्या पट्ट्याचे नाते असे जडले आहे.

अण्णांच्या पत्नी काठी टेकत गाडीपाशी आल्या. दार उघडले, पायरी उंच होती. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि नेहमीप्रमाणे, “तुम्ही जाऊन या, मी इथंच बसते,” असे म्हणायला सुरुवात केली. मार्गदर्शकाने एक बटण दाबले. फुस्स असा लांब श्वास सोडल्यासारखा आवाज झाला आणि ती धिप्पाड गाडी उंटासारखी सावकाश खाली बसली. मुलाने हात दिला, पण त्यांनी तो धरला नाही. दाराची चौकट धरून त्या स्वतःच आत बसल्या. शस्त्रक्रियेनंतर कोणाच्याही आधाराशिवाय उंच गाडीत चढण्याची त्यांची ती पहिली वेळ. त्या काही बोलल्या नाहीत. अण्णांनी मात्र खिशातून पट्टी काढून पायरीची जमिनीपासूनची उंची मोजली. दुकानदाराची सवय.

या उतरण्याचा हिशेब सांगण्यासारखा आहे. २०१२ साली आलेल्या रेंज रोव्हरच्या पिढीत चढउतारासाठी गाडी नेहमीच्या पातळीपेक्षा ५० मिलिमीटर खाली येते. खडकाळ वाटेवर, ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात, ती ७५ मिलिमीटर वर जाते. वेग ८० पर्यंत असेल तर ४० मिलिमीटर. महामार्गावर वेग वाढला की ती आपोआप थोडी खाली दबते, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी होतो आणि वळणावर तोल राहतो. एकट्या ५० मिलिमीटरकडे पाहिले तर दोनच इंच. पण ओढ्यात ७५ वर आणि दारात ५० खाली, असा १२५ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ पाच इंचांचा पल्ला एकाच गाडीत मिळतो. पाच इंच म्हणजे जिन्याची जवळपास एक पायरी. नव्या गुडघ्याला ती एक पायरी फार असते.

आईंना वाड्याच्या उपाहारगृहात बसवून बापलेक वाटेला लागले. प्रथम चढ, मग झाडीतील अरुंद वाट, मग एक उतार, ज्याच्या टोकाशी फक्त आकाश दिसत होते. चिखलाचा रंग तांबूस, तो चाकांना धरून ठेवी आणि पुढल्याच क्षणी सोडून देई. एका ठिकाणी वाट आडवी कलली होती. डाव्या बाजूची चाके चाकोरीत आणि उजवीकडची मुळांवर. अण्णांनी दाराची मूठ घट्ट धरली. गाडीचा देह मात्र कलायला हवा होता तेवढा कलला नाही.

आवारात परतल्यावर मार्गदर्शकाने भिंतीवरील आराखड्यावरून यंत्रणा समजावली आणि मुलाने ती मराठीत सांगितली. प्रत्येक चाकापाशी एक जाड रबरी फुगा. रबराच्या पोटात नायलॉनच्या दोऱ्यांचे अस्तर. एक लहान विजेचा कंप्रेसर, दाबाखालची हवा साठवणारी एक टाकी, आणि कोणत्या फुग्यात हवा सोडायची व कोणत्यातून काढायची हे ठरवणाऱ्या झडपांचा एक ठोकळा. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा एक दांडा असतो. तो क्षणोक्षणी गणकाला कळवतो, की हा कोपरा इतका वर आहे, तो इतका खाली आहे. मागे पोती टाकली आणि मागची बाजू दबली, की गणक मागल्या फुग्यांत हवा वाढवतो आणि गाडी पुन्हा सपाट होते.

अण्णांचा पहिला खरा प्रश्न येथे आला, आणि तो जाणत्या माणसाचा होता. भरल्या गाडीला हवा जास्त, म्हणजे स्प्रिंगही तेवढीच कडक, बरोबर? बरोबर. आणि रिकाम्या गाडीला हवा कमी, म्हणजे मऊ? तेही बरोबर. ते काही वेळ आराखड्याकडे पाहत राहिले. कमानपाट्यांच्या धंद्यातील सगळे दुखणे त्या एका वाक्यात होते. गुळाच्या ढेपा किंवा हळदीची पोती भरलेल्या मालमोटारीला जेवढे पाटे लागतात, तेवढेच रिकाम्या गाडीखाली राहतात. मग परतीच्या वाटेवर ती गाडी खड्ड्यागणिक उडते, चालकाचे मणके बसतात. भार जास्त म्हणून मालक एखादा जादा पाटा घालून घेतो, की गाडी आणखी ताठ. मधला बोल्ट तुटतो, पाटा सरकतो, यू-बोल्ट ढिला होतो. असे हजारो पाटे त्यांनी विकले होते. ओझ्याप्रमाणे स्वतःला बदलणारा पाटा मात्र त्यांच्या दुकानात कधी आला नव्हता.

दुसरी गोष्ट त्यांना अधिक रुचली. जुन्या गाड्यांत डावे व उजवे चाक एकाच लोखंडी आसाला जखडलेले असे. एक चाक दगडावर चढले की आस कलून दुसरे आपोआप खाली दाबले जाई आणि ते जमीन सोडत नसे. नव्या गाड्यांत प्रत्येक चाक स्वतंत्र आले. डांबरी रस्त्यावर ते फार सुखाचे, पण दगडधोंड्यांत एक चाक वर उचलले की दुसरे अधांतरी लोंबकळू लागे. लोंबकळणारे चाक नुसते फिरते, गाडी ओढत नाही. यावर उपाय म्हणून २००४ सालच्या डिस्कव्हरी गाडीत डाव्या-उजव्या फुग्यांमध्ये हवेचा मार्ग जोडला गेला. वाट खडबडीत आहे असे गणकाने ओळखले की मधल्या झडपा उघडतात. दगडावर चढलेल्या चाकाच्या फुग्यातील हवा दाबली जाऊन पलीकडच्या फुग्यात जाते आणि तिकडचे चाक खाली रेटले जाते. “म्हणजे तराजू,” अण्णा म्हणाले. मार्गदर्शकाला हा शब्द समजला नाही, म्हणून त्यांनी दोन्ही हात पारड्यांसारखे खालीवर करून दाखवले. तो हसला आणि त्याने मान डोलावली.

या प्रशंसेला एक पुरवणी जोडणे भाग आहे, कारण जाहिरातीत ती सापडत नाही. उंच केलेली गाडी सर्वच बाबतींत चांगली नसते. तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर उलटण्याची भीती वाढते. शिवाय फुगे वरपर्यंत ताणल्याने चाकाला आणखी खाली लोंबण्याची जागा कमी उरते आणि गाडी धक्के अधिक देते. उंची ही ओढ्यापुरती, दगडापुरती घ्यावी आणि काम झाले की सोडावी. आणखी एक सूचना मार्गदर्शकाने बोट उगारून दिली. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. हवा गेली तर ती क्षणात खाली बसते. चाक बदलायचे झाले तरी आधी सस्पेन्शनची यंत्रणा बंद करावी, गाडीला पक्के टेकू द्यावेत, मगच हात घालावा. अण्णांनी हे मुलाकडून पुन्हा वदवून घेतले.

त्या रात्री जेवणानंतर बोलणे पुन्हा सुरू झाले. अण्णांचा नकार आता पूर्वीचा राहिला नव्हता, पण संपलाही नव्हता. ईस्टनॉरच्या गाड्या नव्या, कंपनीच्या देखभालीतल्या. मुलगा घेणार होता ती वीस वर्षांची. ती कोणत्या कंपनीची हे गौण आहे. रबर सर्वांचेच म्हातारे होते. घड्या पडतात तेथे बारीक चिरा जातात. चिरेतून हवा थेंबाथेंबाने गळते. गळती भरून काढण्यासाठी कंप्रेसर, जो दिवसातून काही क्षण चालायचा, तो तासन्‌तास धडपडतो आणि शेवटी जळतो. म्हणजे फुग्याची चीर लहान, पण तिचे देयक कंप्रेसरच्या नावे येते. बाहेरची दमट हवा आत घेताना तिच्यातील ओल शोषण्यासाठी एका डबीत दाणे भरलेले असतात, नव्या वस्तूंच्या खोक्यात मिळणाऱ्या पुडीसारखे. ते जुने झाले की पाणी आत जाते आणि थंडीत झडपांत गोठते.

“यावर उपाय सरळ आहे,” अण्णा म्हणाले. “चारही फुगे काढायचे आणि लोखंडी स्प्रिंगा बसवायच्या. कितीतरी लोक तसं करतात असं तूच सांगितलंस. एकदाचा खर्च, मग दहा वर्षं बघायला नको.”

मुलगा म्हणाला, “करता येतं, अण्णा. पण मग ती बसणार नाही.”

कोणी काही बोलले नाही. आई सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, “स्टूल ठेवलं तरी चालेल की. माझ्यासाठी एवढं नको.”

अण्णांनी हिवाळ्यातल्या चिखलावर ठेवलेल्या स्टुलाची कल्पना केली असावी. ते उठून खिडकीपाशी गेले. बाहेर पाऊस होता, आणि कच्च्या वाटेवर अंधार. परत येऊन त्यांनी एवढेच विचारले, की ती गाडी दोन रात्री आपल्या दारात उभी करता येईल काय.

विकणारा शेजारच्या गावचा शेतकरी होता. त्याने हरकत घेतली नाही. उलट किल्ली हातात देताना, “सावकाश पाहा,” असे म्हणाला. पहिल्या सकाळी गाडी चारही कोपऱ्यांवर सारखी उभी होती. मुलगा आनंदला. अण्णा आनंदले नाहीत. चारही कोपरे सारखे होते, पण चारही आदल्या संध्याकाळपेक्षा थोडे खाली होते. गाडीची माहिती धुंडाळल्यावर उलगडा झाला. अशा कित्येक गाड्यांचा गणक रात्रीही मधूनच जागा होतो, सर्वांत खाली गेलेला कोपरा शोधतो आणि उरलेले तीन त्याच्या बरोबरीला आणून ठेवतो. देह सरळ राहावा हा हेतू चांगलाच, पण गळका कोपरा त्यात झाकला जातो. जमाखर्च जुळलेला दिसतो आणि तूट कोठली हे कळत नाही, त्यातलाच हा प्रकार. दुसऱ्या रात्री मुलाने त्या यंत्रणेचा फ्यूज काढून ठेवला. अण्णांनी झोपण्यापूर्वी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर मोजले आणि एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर चार आकडे लिहिले.

पहाटे साडेसहाला ते स्वेटर, मफलर आणि विजेरी घेऊन बाहेर आले. गवतावर दहिवर होते, मालव्हर्नच्या रांगेमागे नुकतेच तांबडे फुटत होते. मोजणे सुरू झाले. पुढचे दोन कोपरे दोन-दोन मिलिमीटर कमी, ते चालण्यासारखे. मागचा उजवा, तीन. मागचा डावा मात्र सव्वीस. त्यांनी मुलाला उठवले. बादलीत साबणाचे पाणी केले, गाडीखाली न शिरता, बाजूने हात लांबवून रंगाच्या जुन्या कुंचल्याने ते फुग्याच्या घडीवर फासले. विजेरीच्या उजेडात एका जागी लहान लहान बुडबुडे येऊ लागले आणि येत राहिले.

मुलाचा चेहरा पडला. “म्हणजे नको घ्यायला?”

“कोण म्हणतं?” अण्णा लिफाफ्याकडे पाहत म्हणाले. “कुठं गळतं ते कळलं. एक फुगा गेला म्हणजे बाकीचे तीनही त्याच वयाचे. चारही नवे धर. ती ओल शोषणारी डबी नवी धर. कंप्रेसर बिचारा किती दिवस धडपडतोय कोण जाणे, त्याची निम्मी किंमत धर. हे सगळं किमतीतून वजा कर आणि मग मला आकडा सांग.”

“ते मान्य करतील?”

“बुडबुडे दाखवायचे. माणूस शेतकरी आहे, ट्यूबचं पंक्चर त्यानंही काढलं असेल.”

शेतकरी नऊ वाजता आला. त्याने बुडबुडे पाहिले, टोपी मागे सारली आणि तो काही वेळ ओढ्याच्या दिशेने पाहत राहिला. चार फुग्यांपैकी दोनांची किंमत तो सोडायला तयार झाला. अण्णा तीनवर अडून राहिले. अर्ध्या तासाने, दुसऱ्या चहाच्या वेळी, तीन फुगे आणि ती डबी यांवर सौदा ठरला. कंप्रेसर अण्णांनी आपल्याकडे घेतला. नवे फुगे बसेपर्यंत आईंना गाडीत बसवायचे नाही, आणि पुढे दर पाच-सहा वर्षांनी टायरांसारखेच फुगेही बदलायचे म्हणून दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकायची, हे त्यांनी मुलाकडून लिफाफ्यावरच लिहून घेतले.

मुलाने फ्यूज परत बसवला. कंप्रेसर गुरगुरला, मागचा डावा कोपरा सावकाश वर येऊन बाकीच्या तिघांच्या रांगेत उभा राहिला. आई दारात येऊन पाहत होत्या. “बसते का बघू या,” त्या म्हणाल्या. अण्णांनी “आत्ता नाही” म्हणून हात आडवा धरला, मग स्वतःच वाकून ते बटण कोणते हे मुलाला विचारू लागले.